गाडी सोडा, चर धरा

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मी मराठी-तेलुगू सीमेवरच्या आमच्या जिल्ह्यात, उटनूरजवळच्या एका प्रशिक्षण छावणीवर इन्स्ट्रक्टर म्हणून हजर झालो. छावणी सशस्त्र पोलिसांची होती. मी पोलीस नव्हतो. इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलो होतो आणि जैनथ भागातल्या माझ्या गावी कापूस-ज्वारी बघत होतो. शेतात माझं मन लागत नाही हे माझ्या आधी बायकोला कळलं. जिल्ह्यातून माजी सैनिकांना बोलावणं आलं तेव्हा ती म्हणाली, "जा बाप्पा. इथं मजुरायले सावधान-विश्राम करून राह्यले तुमी. त्यायचीबी सुटका होईल."

मी ट्रंक भरली आणि निघालो.

तेव्हा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलात नक्षलवाद्यांचं काम वाढलेलं होतं. लोक त्यांना अन्नलु म्हणत, म्हणजे थोरले भाऊ. रस्त्यात सुरुंग पेरायला त्यांनी सुरुवात केली होती. पोलिसांत नवी भरती चालू होती आणि त्या पोरांना फौजी शिकवण हवी होती. हत्यारं आणि परेड शिकवायला दुसरे लोक होते. माझ्याकडे फील्डक्राफ्ट आलं, म्हणजे जमिनीचा, आडोशाचा वापर. त्याच्या जोडीला माझा आवडता विषय मी मागून घेतला. युद्धाचा इतिहास.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की शिपायाला इतिहास कशाला. फौजेत तो शिकवतात. कोणती लढाई का जिंकली, कोणती का हरली, राखीव कुमक कुठं ठेवली होती, नदी कोणत्या जागेवरून ओलांडली. रेजिमेंटल सेंटरवर मी काही वर्षं एनसीओंना, म्हणजे नाईक-हवालदारांना, हेच शिकवत होतो. एकाहत्तरच्या लढाईत मी शिपाई होतो. जी नदी मी तेव्हा अंधारात गळ्यापर्यंत पाण्यातून ओलांडली, तीच पुढं नकाशावर खडूनं काढून दाखवत होतो. माझा क्लास चांगला होतो असं साहेब लोक म्हणत, आणि मला त्याचा अभिमान होता.

उटनूरच्या छावणीत मी सँड मॉडेल तयार केलं. नाल्यातली वाळू आणली, भुसा हिरवा रंगवून त्याचं जंगल केलं, निळ्या चुन्याची नदी, काड्यापेट्यांची गावं. लाल लोकरीचा धागा म्हणजे दुश्मन, निळा म्हणजे आपण. पोरं भोवती उकिडवी बसत. बॅचमध्ये तेलुगू बोलणारी जास्त होती, थोडी मराठी. मी हिंदीत शिकवायचो आणि अडलं की माझ्या मोडक्या तेलुगूत.

नार्नूरकडचा बालाजी त्या बॅचमध्ये होता. अंगानं किडकिडीत, पण बूट नेहमी चकचकीत. मराठी बोलणारा इन्स्ट्रक्टर मिळाला म्हणून तो माझ्या मागंमागं असे आणि मला सुभेदारसाब न म्हणता गुर्जी म्हणत असे. एकदा क्लास संपल्यावर तो मॉडेलपाशीच थांबला.

"गुर्जी, एक इचारू का?"

"विचार."

"हे तं लढाईचं झालं. आपल्या इथं लाल धागा कोणीकडं लावाचा?"

"म्हणजे?"

"म्हंजे इथं दुश्मन कोणीकडं हाय? गावं तं आपलीच हायेत. माह्या मामाचं गाव त्याच जंगलात हाय."

मी हसलो. "जिकडून गोळी येईल तिकडं," असं उत्तर दिलं. जाता जाता थांबलेली दोन-चार पोरंही हसली. बालाजी हसला नाही. प्रश्न चांगला होता. त्यावर मी रात्रभर विचार करायला हवा होता. मी जेवून झोपलो.

गनिमी काव्यावर मी पूर्ण एक तास घेत असे. मराठी माणूस, तो तास माझ्या अंगात येई. घाट, खिंड, अवजड सामान घेऊन चाललेली मोठी फौज, वरून दबा धरलेले मूठभर मावळे. मी दोन्ही हात पसरून दाखवायचो की शत्रू कसा कोंडला गेला, त्याचे हत्ती कसे अडकले, रांग कशी मोडली. तेलुगू पोरांनाही तो तास आवडे. त्या तासाला मी कायम डोंगरावर उभा असे. खाली खिंडीतून चाललेला माणूस मी कधी झालो नाही. आपण सरकारी वर्दी घालून, सरकारी गाडीत बसून, ठरलेल्या रस्त्यानं जाणार आहोत, म्हणजे या गोष्टीत आपण कोण आहोत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं इतिहास शिकवला आणि हे आलं नाही.

रस्त्यावर गाडीवर हल्ला झाला तर काय करायचं याची फौजेत एक ड्रिल होती. गोळी ज्या बाजूनं येते तिच्या उलट बाजूला उड्या घ्यायच्या, रस्त्याच्या कडेच्या चरात आडवं व्हायचं, तिथून जबाबी फायर. थांबलेली गाडी म्हणजे मोठं निशाण, म्हणून ती पहिल्यांदा सोडायची. मी हुकूम छोटा केला होता. "गाडी सोडा, चर धरा!" छावणीतल्या जुन्या ट्रकवर ही ड्रिल मी रोज घ्यायचो. पोरं मागं बसलेली, मी कधी उजवीकडून तर कधी डावीकडून शिट्टी मारणार, शिट्टी ऐकताच पोरं उलट बाजूच्या चरात गेली पाहिजेत. पहिल्या आठवड्यात एकमेकांच्या अंगावर पडत. महिन्याभरात असं झालं की शिट्टीचा आवाज विरायच्या आत ट्रक रिकामा.

फक्त यादगिरी मागं राहायचा. आसिफाबादकडचा, अंगानं जड. रायफलीचा पट्टा फाळक्याला अडकव, नाहीतर पाय अडकव, असं त्याचं रोज काहीतरी. मी त्याला ग्राउंडला चकरा मारायला लावायचो. एकदा सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझ्यामुळे चार जण मरतील." तो तेलुगूत पुटपुटला, "तप्पु, सार." चुकलं, साहेब.

मल्लेश आणि सायन्ना त्याच बॅचचे. मल्लेश बेज्जूर भागातला, लग्न झालेला, कमी बोलणारा. सायन्ना हसतमुख, मेसमध्ये सगळ्यांच्या ताटात डोकावणारा. ही पोरं पास आऊट झाली आणि हिवाळ्यात त्यांच्या सेक्शनला बेज्जूरकडच्या एका आउटपोस्टवर पाठवायचं ठरलं. रिझर्व्ह इन्स्पेक्टर राजलिंगमसाहेब छावणीचे प्रमुख होते. ते मला म्हणाले, "सुभेदारसाब, आप भी चलिए. पोस्ट का डिफेन्स देख के बताइए." मी लगेच हो म्हणालो. आपण घडवलेल्या पोरांबरोबर जायला कोणत्या इन्स्ट्रक्टरला आवडणार नाही?

आम्ही कागजनगरला मुक्काम केला आणि सकाळी चहा घेऊन निघालो. पुढं ट्रक, त्यात ड्रायव्हर आणि मागं आठ पोरं. मागं जीप, तिच्यात इन्स्पेक्टरसाहेब, मी, वायरलेस ऑपरेटर आणि ड्रायव्हर. दोन गाड्यांत अंतर ठेवलं होतं. पुस्तकात असतं तेवढं. थंडी होती, पोरांनी कानाला मफलर बांधले होते. सायन्ना मागच्या फाळक्याशी बसून आमच्याकडे बघून हात करत होता. वस्ती संपली आणि दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. रस्ता कच्चा, डाव्या हाताला पावसाळ्यात कोरलेला खोल कोरडा चर. मला आठवतं, तो चर बघून मला बरं वाटलं होतं. आडोसा आहे, असं मनात आलं.

एका तुटलेल्या मोरीपाशी ट्रक हळू झाला. तिथं उजवीकडच्या झाडीतून फायर आला. दोन रायफली असाव्यात, फार नाही. ट्रकची पुढची काच गेली आणि ट्रक थांबला.

"लेफ्ट! लेफ्ट!" ट्रकमधून कोणीतरी ओरडलं.

आमची जीपही थांबली. मी डावीकडे उडी घेऊन चरात आडवा झालो. मान वर करून पुढं पाहिलं. पोरं उतरत होती. पहिला मल्लेश, त्याच्या पाठोपाठ बालाजी, मग सायन्ना, मग बाकीचे. रायफल छातीशी, गुडघे वाकवलेले, कोणी कोणाच्या अंगावर पडलं नाही. छावणीतही त्यांनी इतकी चांगली ड्रिल कधी केली नव्हती. माझ्या तोंडून शब्द निघाला, "शाब्बास!"

हा शब्द मी मोठ्यानं म्हणालो. माझ्या शेजारी पडलेल्या वायरलेस ऑपरेटरनं तो ऐकला. त्याच वेळी चर उडाला.

दोन स्फोट झाले, एकाला लागून एक. दुसऱ्याचा आवाज मला ऐकू आला नाही, तो जमिनीतून छातीला लागला. माती, दगड, पाला सगळं वर गेलं आणि बराच वेळ खाली पडत राहिलं. धूर ट्रकच्या वर गेला होता. उजवीकडचा फायर थांबला. त्यांना आमच्यावर गोळ्या झाडायच्याच नव्हत्या. आम्ही कुठं उड्या घेतो ते त्यांना माहीत होतं.

राजलिंगमसाहेबांनी वायरलेसचा सेट हातात घेतला. त्यांचा आवाज शांत होता.

"कंट्रोल, कंट्रोल. पार्टी अंडर फायर. ब्लास्ट हुआ है. कॅज्युअल्टीज. ओव्हर."

"लोकेशन बताइए. ओव्हर."

"बेज्जूर रोड, टूटी मोरी. अँब्युलन्स और एक पार्टी तुरंत. ओव्हर."

"कितने कॅज्युअल्टी? ओव्हर."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून पुढं निघालो होतो. ते सेटवर म्हणाले, "वेट. आउट."

ट्रकमधून एकच रायफल चालत होती, उजवीकडच्या झाडीवर, एकेक गोळी, थांबून थांबून. तो यादगिरी होता. त्याच्या रायफलीचा पट्टा फाळक्याच्या कडीत अडकला होता. तो उतरू शकला नव्हता. ट्रकच्या फळीवर पोटावर पडून, दिसत काही नसताना, त्यानं गोळ्या संपेपर्यंत फायर चालू ठेवला.

चरात काय होतं ते मी लिहिणार नाही. मल्लेश आणि बालाजी जागेवर गेले होते. सायन्ना जिवंत होता. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्यानं पाणी मागितलं आणि मी दिलं. गाडी यायच्या आधी तोही गेला. आणखी दोघं जखमी होते, ते पुढं बरे झाले. ट्रकचा ड्रायव्हर सीटखाली वाकला होता, त्याला फक्त काचेनं खरचटलं. उरलेले दोघं मागच्या अंगाला चरात तसेच पडून होते, एकमेकांना धरून, एक ओरखडाही नाही. त्यांच्या खाली सुरुंगाचा तिसरा डबा पुरलेला होता हे आम्हाला दुपारी कळलं. त्याची वायर मधे तुटल्यानं तो उडाला नव्हता.

संध्याकाळी कागजनगरच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात यादगिरी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. सावधानमध्ये. डोळे सुजलेले.

"सार, मी लेट झालो," तो हिंदीत म्हणाला. "ते तिघं वेळेवर उतरले. मी लेट झालो."

तो माफी मागत होता. वाचल्याची माफी. मी त्याला विश्राम म्हणालो, पण तो हलेना. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ज्या माणसाला मी चकरा मारायला लावल्या त्याला मी काय सांगणार होतो?

चौकशी झाली. बाहेरून एक वरिष्ठ अधिकारी आले. माणूस भला होता. त्यांनी मला खुर्ची दिली. मी त्यांना सरळ सांगितलं की गोळीनं कोणी मेलेलं नाही, तिघं ड्रिलनं मेले आणि ड्रिल मी शिकवली होती. ते म्हणाले, "सुभेदारसाब, ड्रिल मॅन्युअल की है, आपकी नहीं. लडकों ने बिल्कुल सही किया." अहवालात त्यांनी पोरांच्या शिस्तीचं कौतुक केलं. छावणीवर तो परिच्छेद वाचून दाखवला गेला आणि लोकांनी माझ्याकडे मान वळवून पाहिलं, जणू कौतुकात माझा वाटा होता. मला वर्दी नव्हती. असती तर त्या क्षणी काढून ठेवली असती.

राजलिंगमसाहेबांना मी राजीनामा देऊ केला. त्यांनी तो घेतला नाही. ते म्हणाले, "जाइए मत. पहले समझिए क्या हुआ. फिर जो समझे वो सिखाइए. अगली बॅच फागुन में आ रही है."

म्हणून मी त्या जागेवर परत गेलो. पार्टी, म्हणजे आमची तुकडी, पायी गेली, झाडीतून, रस्ता सोडून. यादगिरीला मी मागून घेतला होता. उजव्या बाजूला सागाच्या मुळाशी दोन माणसांनी बसायची जागा होती. पाला दाबलेला, विड्यांची थोटकं. तिथून मोरी सरळ दिसत होती. डाव्या बाजूला चराच्या पलीकडं, दगडामागं, तिसऱ्याची जागा. डबे उडवायची बॅटरी त्याच्याकडे असणार. म्हणजे सगळे मिळून तीन माणसं. त्यांच्याकडे आमच्याइतक्या रायफली नव्हत्या, गाडी नव्हती, सेट नव्हता. त्यांनी काय केलं होतं? आमच्या गाड्या जाताना-येताना बघितल्या होत्या. कुठं हळू होतात ते पाहिलं. आधी कुठल्यातरी रस्त्यावर कुठल्यातरी पार्टीवर दोन गोळ्या झाडून, पोलीस कोणत्या बाजूला उड्या मारतात ते पाहिलं असणार. मग आम्ही जिथं जाणार तिथं डबे पुरले.

यादगिरी म्हणाला, "सार, ह्यांना आपली ड्रिल कोणी शिकवली?"

"आपणच," मी म्हणालो. "रोज करून दाखवत होतो."

तिथं दगडावर बसून मला जे कळलं ते मी पुस्तकात अनेकदा वाचलेलं होतं. अनपेक्षित हल्ला, कमी ताकदीनं मोठ्याला थोपवणं, शत्रूच्या सवयीचा फायदा घेणं. हे सगळे नियम मला पाठ होते. ते दुसऱ्याच्या हातात असू शकतात आणि तो दुसरा अनवाणी, विडी ओढत, माझा अभ्यास करत बसलेला असू शकतो, हे मी धरलंच नव्हतं. मी लढाया जिंकणाऱ्याच्या बाजूनं वाचल्या होत्या. लढाई बदलली होती. नद्या आणि टेकड्या घेण्याची लढाई राहिली नव्हती. आता माणसाची सवय हीच जमीन झाली होती आणि ती घेतली गेली होती. मी मात्र पोरांना एकाहत्तर शिकवत होतो, कारण एकाहत्तरमध्ये मी शूर होतो.

सँड मॉडेल मी मोडलं नाही. त्यातला लाल धागा काढून टाकला. पुढच्या बॅचला पहिल्या दिवशी सांगितलं, आज तुम्ही अन्नलु आहात, मी पोलीस. मी माझी गाडी घेऊन येतो, मला मारा. पोरांनी मला पहिल्याच दिवशी चार वेळा मारलं.

बालाजीच्या गावी मी दोनदा गेलो.

पहिल्यांदा त्याला पोचवायला. गाडी नार्नूरच्या पुढं कच्च्या रस्त्यानं त्यांच्या घरापर्यंत गेली. सगळं गाव जमलं होतं. फायरची सलामी झाली. कोणीतरी सांगितलं की हे त्याचे गुरुजी, फौजेतले सुभेदार. त्यासरशी लोक बाजूला झाले, मला बाजेवर बसवलं, पाणी आणून दिलं. बालाजीचा बाप नव्हता, आधीच वारला होता. त्याच्या काकानं हात जोडून म्हटलं, "तुमी घडोलं साहेब त्याले." मी पाण्याचा गिलास हातात धरून बसलो. त्याची माय आत होती, तिच्यासमोर मी गेलो नाही. गाडी परत निघाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ती सुटका मला अजून बोचते.

दुसऱ्यांदा गेलो ते पुढच्या वर्षी, ज्वारी निघाल्यावर. एकटा, एसटीनं, मग पायी. बालाजीची माय अंगणात सुपानं ज्वारी पाखडत होती. तिनं मला ओळखलं. सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला, बाज टाकली.

"या जी. बसा. चाय ठेवतो."

"नको माय. बसा तुमी. मले बोलाचं हाय."

ती बसली. तिनंच सुरुवात केली.

"मीबी तुमाले इचारणार होतो. पण त्या दिवशी तुमी निंगून गेले." तिनं सुपातला एक खडा वेचून टाकला. "माहा बालाजी लहानपणापासून कोणाचं आयकत नोता. माहं नाही, त्याच्या बापाचं नाही. शाळेत गुर्जीनं मारलं तं त्यायच्या हातातली छडी घेऊन पळाला होता. मले रातंदिस एकच लागून राह्यलं हाय. तिथं तुमी सांगतलेलं त्यानं आयकलं नसंल, म्हणून तं तसं झालं नसंल ना?"

वर्षभर ती हे घेऊन जगत होती. पोरगा स्वतःच्या हट्टानं गेला असं तिला वाटत होतं.

"नाही माय," मी म्हणालो. "त्यानं आयकलं. मी जसं सांगतलं तस्सं केलं. जराबी चुकला नाही."

"खरं?"

"खरं."

तिनं डोळे पुसले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते समाधान होतं. मी तिथंच उठून गेलो असतो तर ती मला दारापर्यंत सोडायला आली असती, आणि गावात सांगितलं असतं की सुभेदार देवमाणूस आहे. मी उठलो नाही.

"माय, त्यानं आयकलं म्हणूनच तो गेला," मी म्हणालो.

मग मी तिला सगळं सांगितलं. उजवीकडचा फायर, डावीकडचा चर, डबे. ड्रिल कोणी शिकवली, रोज किती वेळा घेतली. मी शाब्बास म्हणालो तेही सांगितलं. ती ऐकत होती. अंगणात कोंबड्या येऊन ज्वारी टिपायला लागल्या तरी तिनं त्यांना हाकललं नाही.

माझं सांगून झालं. मला वाटलं आता ही शिव्या देईल. द्याव्यात असं मला वाटत होतं.

"आता काय शिकोता?" तिनं विचारलं.

"काय?"

"नव्या पोट्ट्यायले. आता काय सांगता?"

मी सांगायला लागलो. आता त्या रस्त्यानं गाडी न्यायचीच नाही. चालत जायचं, झाडीतून, अंतर ठेवून. रोज वाट बदलायची. मोरी आली की आधी दोघांनी लांबून वळसा घालून पलीकडं जायचं. गाडी नेणं भागच पडलं आणि फायर आला, तर जागेवर उडी घ्यायची नाही, गाडी थांबवायची नाही, दामटून पुढं न्यायची. थांबलीच तर चराकडे पाहायचंही नाही. ती लक्ष देऊन ऐकत होती, एखादं काम शिकून घ्यावं तसं. एका जागी तिनं मला थांबवलं.

"आन् गाडी पंचर झाली तं?"

मी तेही सांगितलं. तिनं मान हलवली.

"त्या दोघायच्या घरी सांगतलं का हे?"

"नाही."

"काऊन?"

मी खाली सांडलेले ज्वारीचे दाणे वेचायला लागलो.

"जा मंग," ती म्हणाली. "त्यायच्या मायायलेबी काही लागून राह्यलं असंल." ती उठली आणि सूप हातात घेतलं. चहाचं तिनं पुन्हा विचारलं नाही आणि मला सोडायला दारापर्यंत आली नाही.

सायन्नाच्या घरी त्याचा बाप भेटला. त्यानं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, पाणी मिळालं का. मी हो म्हटलं, माझ्या हातानं दिलं. म्हातारा माझा हात हातात घेऊन बसला. तो हात मला मागं घ्यावासा वाटत होता, पण घेता आला नाही.

मल्लेशचं घर बेज्जूरच्या पुढं, प्राणहितेच्या बाजूला. यादगिरी माझ्याबरोबर आला होता, तेलुगूसाठी. तो नंतर चांगला इन्स्ट्रक्टर झाला, माझ्यापेक्षा चांगला. मल्लेशच्या बायकोनं आम्हाला बसा म्हटलं नाही. तिच्या कडेवर वर्षाचं मूल होतं. मी उभ्यानं बोललो, यादगिरी तेलुगूत सांगत गेला. ती दाराच्या चौकटीला टेकून आमच्या पलीकडं बघत होती. शेवटी ती काहीतरी म्हणाली, सावकाश, अगदी हळू आवाजात.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"सार, ती म्हणते, तो उडी मारायला भ्यायचा. गावची पोरं विहिरीत उड्या मारायची, तो पायऱ्यांनी उतरायचा. लग्नानंतरही ती त्याला चिडवायची." यादगिरी माझ्याकडे वळला. "ती विचारते, तो खरंच उतरला का? का कोणी ढकललं?"

मी तिच्याकडे पाहून माझ्या मोडक्या तेलुगूत सांगितलं, की कोणी ढकललं नाही. तो सगळ्यांच्या आधी उतरला.

तिनं मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि आत जाऊन दार लावलं.